पान उलटून बघितलंस का?

माझ्या खिडकीत कीटकभक्षी झाडांच्या सहा कुंड्या आहेत. एक दवबिंदू, पानांचे सापळे मिटणारे दोन व्हीनस फ्लायट्रॅप, नळीसारख्या पानांचा एक सारासेनिया, चिकट पानांची एक पिंग्विक्युला आणि पानांच्या टोकाला घट लटकणारी एक घटपर्णी. यांतल्या पहिल्याला कीड लागली आहे हे कळायला मला जवळजवळ महिना लागला, आणि त्या महिन्यात मी त्याच्यावर भलतेच उपचार केले. कारण सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतं. जे झाड किडे खातं त्याला कीड कशी लागेल, असं माझ्या मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं.

सुरुवात झाली दवबिंदूपासून. ड्रॉसेरा कॅपेन्सिस, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला. पट्टीसारखी लांब पानं, त्यांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चिकट थेंब. याचं नवं पान घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं येतं आणि हळूहळू सरळ होत जातं. एक दिवस लक्षात आलं की मधलं एक पान सरळ व्हायचं थांबलंय. अर्ध्यावर उलगडून ते एका बाजूला वाकलं होतं, आकडीसारखं. केस विरळ, आणि थेंब तर नावालाही नाहीत.

थेंब नाहीत म्हणजे हवा कोरडी, असं मी ठरवून टाकलं. ठरवून टाकलं हाच शब्द बरोबर आहे, कारण तपासलं काहीच नाही. कुंडीवर पारदर्शक प्लास्टिकची बरणी उलटी ठेवली. दहा दिवसांत जुन्या फुलदांड्यावर राखाडी बुरशी दिसायला लागली आणि पुढचं पानही तसंच आकडी होऊन आलं. बरणी काढली आणि मोर्चा पाण्याकडे वळवला. ही झाडं मुळात दलदलीतली, जिथे मातीत क्षार जवळपास नसतात. नायट्रोजन-फॉस्फरसची उणीव ती किडे खाऊन भरून काढतात. त्यामुळे साधं नळाचं पाणी घालत राहिलं तर क्षार साचून मुळं जळतात. पाळणारे बहुतेक जण ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत पन्नास भाग क्षारांच्या, आतलं पाणी वापरतात. मी आरओचं, म्हणजे क्षार गाळून काढलेलं, घालत होते. क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर १४ दाखवले. तरी समाधान होईना. कुंडीतच क्षार साचले असतील म्हणून पीट (दलदलीतली कुजलेल्या मॉसची माती) आणि परलाइटचं (हलके पांढरे खडे) नवं मिश्रण करून झाड हलवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

झाड हलवताना पानांच्या खालच्या बाजूला आणि बुंध्याशी पांढरे कण चिकटलेले दिसले. परलाइटची भुकटी, असं म्हणून मी ते ओल्या ब्रशने स्वच्छ पुसून काढले. अख्ख्या प्रकरणातला एकमेव पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

माझी एक मैत्रीण कीटकशास्त्र शिकवते. तिची सगळी हयात कापूस, मिरची आणि वांग्यावरच्या किडींत गेली. कीटकभक्षी झाडं तिने कधी पाळली नाहीत. तिला फोनवर सगळी कहाणी सांगितली. हवा, पाणी, माती, ऊन, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान उलटून बघितलंस का?"

"अगं, ते झाड चिकट आहे. त्याच्यावर किडा बसला की मरतोच."

"वरून चिकट. खालून?"

खालून मी हात लावून पाहिला. अगदी गुळगुळीत, कोरडं पान. ग्रंथी असलेले केस फक्त वरच्या बाजूला आणि कडांना असतात, आणि जे पान अजून गुंडाळलेलंच आहे त्याच्या केसांना थेंब यायचे असतात. म्हणजे या झाडावर दोन जागा अशा आहेत जिथे किड्याला कसलीही भीती नाही: पानाची पाठ आणि मधला पोंगा. नेमक्या त्याच जागा रस शोषणाऱ्या किडीला हव्या असतात, कारण कोवळी पेशी तिथेच असते.

मैत्रिणीने दुसरा प्रश्न विचारला तो मला जास्त उपयोगी पडला. "बिघडलेलं पान मधून कितवं?" मी मोजलं. मधले चार बिघडलेले, पाचवं अर्धवट, सहाव्यापासून बाहेरची सगळी चांगली. "तुझं झाड किती दिवसांनी एक पान काढतं?" साधारण आठवड्याला एक. "मग महिनाभरापूर्वी काय झालं ते आठव. आज काय चाललंय ते नको."

ही गोष्ट मी आधीच समजायला हवी होती. पान वेडंवाकडं दिसतं तेव्हा त्याला इजा झालेली नसते. ती झालेली असते ते पोंग्यात गुंडाळलेलं असताना. मावा ही बारीक कीड तेव्हा त्यातला रस शोषते, त्या जागच्या पेशींची वाढ खुंटते, शेजारच्या वाढत राहतात, आणि पान उलगडताना आखूड बाजूकडे ओढलं जातं. म्हणून ही आकडी. गोलाकार पानं येणारं झाड म्हणजे एक दैनंदिनीच आहे, बाहेरचं पान सर्वांत जुनं, मधलं आजचं. पाण्यातल्या क्षारांनी बिघाड झाला असता तर तो साधारण सगळ्याच झाडावर, पानांच्या टोकांपासून दिसला असता. बाहेरची पानं इतकी ठणठणीत आणि फक्त आतली वाकडी, हे गणित हवेशीही जुळत नव्हतं आणि पाण्याशीही.

महिनाभरापूर्वी काय झालं होतं? शेजारच्या कुंडीत एक नवं रोपटं येऊन बसलं होतं, साधं फुलांचं. त्याची कोवळी फूट मी उलटून बघितली. पुढचं सांगायलाच नको.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन दवबिंदूसमोर बसले. पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. मग एका टाचणीने मधलं कोवळं पान अलगद बाजूला केलं आणि आत हिरवट, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे, नासपतीच्या आकाराचे सात-आठ जीव एकमेकांना खेटून बसलेले दिसले. मावा ओळखायची एक खूण मैत्रिणीने सांगून ठेवली होती. पोटाच्या मागच्या बाजूला वर आलेल्या दोन बारीक नळ्या. त्या दिसल्या की शंका उरत नाही. आणि ते पांढरे कण? ती परलाइटची भुकटी नव्हतीच. माव्याची टाकलेली कात होती. मोठं होईपर्यंत मावा चार वेळा कात टाकतो, आणि ती कात तिथेच चिकटून राहते. भिंगाखाली फरक स्पष्ट आहे. परलाइट खडबडीत आणि भरीव, कातीला मात्र पाय असतात. पोकळ, पारदर्शक पाय. आता मी पांढरं काहीही दिसलं की आधी पाय शोधते.

डार्विनने १८६० च्या सुमारास दवबिंदूवर प्रयोग सुरू केले आणि पुढची कित्येक वर्षं चालू ठेवले. माणसाच्या केसाचा एक तुकडा, वजन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी, ग्रंथीवर ठेवला तरी तो तंतू वाकतो, असं त्याने मोजून दाखवलं. त्या रात्री मला हे आठवून हसू आलं. एवढं तरल झाड, आणि पाठीवर अख्खं कुटुंब नांदतंय याचा त्याला पत्ता नाही.

कुटुंब म्हणते ते उगाच नाही. माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं देतात, तीही जिवंत, अंड्याचा टप्पा गाळून. उबदार हवेत पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. तेव्हा आठ मावे दिसले म्हणजे आठ आहेत असं समजायचं नाही.

उपचाराच्या बाबतीत ही झाडं नाजूक आहेत. साबणाचं पाणी आणि तेलाची फवारणी इतर झाडांना चालते, यांच्या ग्रंथी त्याने जळू शकतात. पण दलदलीतून आलेली असल्यामुळे यांची एक खास सोय आहे: दवबिंदू आणि फ्लायट्रॅप दोन दिवस पाण्याखाली राहिले तरी सहसा कुरकुर करत नाहीत. मावा मात्र बुडून मरतो. मी एका खोल बादलीत आरओचं पाणी भरलं, कुंडी पूर्ण बुडवली आणि पीट तरंगून वर येऊ नये म्हणून मातीवर जाळीचं कापड बांधलं. पोंग्यात अडकलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशने सोडवले, कारण बुडबुड्यात बसलेला मावा आरामात तग धरतो. ४८ तासांनी बाहेर काढलं तेव्हा झाड धुतलेल्या मांजरासारखं दिसत होतं. एकही थेंब नाही, केस चिकटलेले. पाच-सहा दिवसांनी बाहेरच्या पानांवर थेंब परत आले. आठवड्याने पुन्हा एकदा बुडवलं.

यानंतर तीन आठवडे माझा जीव टांगणीला होता, कारण वाकडी पानं वाकडीच राहिली. ती कधीच सरळ होणार नव्हती. उपाय लागू पडला की नाही हे कळायला उपायानंतर पोंग्यात तयार झालेलं पान बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. चौथ्या आठवड्यात एक पान आलं, सरळ, टोकापर्यंत केसाळ. मी त्याच्या देठाशी लाल दोऱ्याची सैल गाठ मारून ठेवली. अजून आहे ती.

दवबिंदू सुटला तशी मी बाकीच्या कुंड्यांकडे संशयाने बघायला लागले. दोन्ही फ्लायट्रॅपची नवी पानं पिळवटल्यासारखी दिसत होती. एकाच्या मध्यात भिंगाखाली मावा सापडला, बादली तयारच होती. दुसऱ्यात काही म्हणजे काही नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बघितलं. कात नाही, किडीने टाकलेला गोड चिकटा नाही, मुंगी नाही. मग झाड नीट पाहिलं तर पोंग्याच्या शेजारून एक जाड, गोल कोंब वर येत होता. फुलदांडा. फ्लायट्रॅप हिवाळ्याच्या झोपेतून उठताना आणि फुलावर येताना काही पानं अशीच लहान, तिरपी काढतं. हे झाड मी बुडवलं नाही. दांडा चार बोटं झाल्यावर कापला, आणि त्यानंतर आलेली पानं आपोआप सुधारली.

फ्लायट्रॅपच्या काळ्या पडणाऱ्या सापळ्यांबद्दलही मी पूर्वी घाबरायचे. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा शिकार पचवतो, मग काळा पडून गळतो. भक्ष्य फार मोठं असलं, सापळ्याच्या कडा मिटल्या नाहीत, तर आतून सडतो. यात किडीचा संबंध नाही. बाहेरची जुनी पानं काळी आणि मधली हिरवी असतील तर झाड आपलं रोजचं काम करतंय. मधलंच काळं पडत असेल तर मात्र ताबडतोब कुंडीतून काढून मुळं बघावीत.

आता घटपर्णी. इथे माझ्या हातून जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतं. माव्याच्या प्रकरणानंतर महिनाभराने घटपर्णीच्या पानांखाली आणि घटाला जोडणाऱ्या तंतूवर चकचकीत चिकट थेंब दिसले. तीन-चार मुंग्या त्या तंतूवरून लगबगीने ये-जा करत होत्या. चिकटा आणि मुंग्या! मावा किंवा पिठ्या ढेकूण असला की त्यांच्या अंगातून गोड स्राव पडतो आणि मुंग्या तो खायला येतात, हे मी नुकतंच शिकले होते. घाईघाईने साबणाचं पाणी केलं आणि सगळ्या पानांवर मारलं. भिंग बाजूच्याच टेबलावर पडलं होतं. दवबिंदूला साबण चालत नाही हे माहीत होतं, पण घटपर्णीची पानं जाड, चामड्यासारखी, तिला काय होतंय, असा माझा हिशोब.

मला सापडलेला चिकटा घटपर्णीचा स्वतःचा मध होता. तिला नुसत्या घटाच्या तोंडाशी नाही, तर पानांवर, तंतूवर आणि खोडावरही मधाच्या ग्रंथी असतात. त्या मधाच्या वाटेनेच मुंग्या घटापर्यंत पोचतात आणि काही आत पडतात. मुंग्या हे तिचं भक्ष्य, माझ्या दृष्टीने मात्र तो रोगाचा पुरावा झाला होता. साप म्हणून भुई धोपटली, आणि भुईला लागलं: साबण सुकला तिथे दोन कोवळ्या पानांवर तपकिरी चट्टे पडले आणि एक अर्धवट वाढलेला घट सुरकुतून गेला.

फरक ओळखायची रीत मी नंतर बसवली. थेंब ओल्या कापसाने पुसायचे आणि त्या जागांचा फोटो काढून ठेवायचा. दोन दिवसांनी थेंब त्याच बिंदूंवर पुन्हा आले तर ती झाडाची ग्रंथी. किडीचा चिकटा असा जागा धरून येत नाही, तो वरून खाली पडतो. म्हणून तो खालच्या पानाच्या वरच्या पृष्ठभागावर, कुंडीच्या काठावर, खिडकीच्या फळीवर बारीक शिंतोड्यांसारखा पसरतो. फळीवरून बोट फिरवलं आणि बोट चिकटलं तर वर मान करून शोधायला लागायचं. घटपर्णीच्या पानामागे बारीक लालसर ठिपकेही दिसतात, त्यांना खवले कीड समजण्याचा मोह होतो. नखाने हळूच उचकटून बघायचं. खवला निघून येतो, ग्रंथी नाही. कोवळ्या फुटीवरची तपकिरी लवही अशीच फसवते.

गंमत अशी की, या फजितीनंतर मी घटपर्णीकडे बघणंच कमी केलं. उगाच तिला छळलं म्हणून अपराधी वाटत होतं. आणि त्याच काळात तिला खरोखर कीड लागली.

सुरुवातीला एका पानावर रुपेरी झाक दिसली, तिरप्या उजेडात धातूसारखी चमकणारी. मी ती साबणाच्या खात्यावर टाकली. पुढच्या पानावरही तीच झाक आली तेव्हा चुकल्यासारखं वाटलं, कारण त्या पानाला साबण लागलाच नव्हता. ते फवारणीनंतर उलगडलं होतं. पुन्हा तीच दैनंदिनी, पुन्हा तोच प्रश्न: हे पान कधीचं? या वेळी भिंग लगेच हातात घेतलं. रुपेरी पट्ट्यांमध्ये शाईच्या टोकाने टेकवल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. ती फुलकिड्यांची विष्ठा. फुलकिडा पानाची वरची साल खरवडून पेशीतला रस ओढतो, रिकाम्या पेशीत हवा भरते, आणि म्हणून ती जागा चांदीसारखी चमकते. कोळी किडीचं नुकसान वेगळं दिसतं: सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, आणि वाढली की बारीक जाळं. ते जाळं इथे नव्हतं.

पण विष्ठा म्हणजे किडा नव्हे. खात्रीसाठी पानाखाली पांढरा कागद धरला आणि पानावर बोटाने दोन टिचक्या मारल्या. कागदावर दोन फिकट पिवळ्या रेघा पडल्या, एक मिलिमीटरभर लांब. क्षणभराने दोन्ही चालायला लागल्या.

फुलकिडा माव्यापेक्षा चिवट का, हे मैत्रिणीने समजावलं. त्याची अंडी पानाच्या आत खुपसलेली असतात, वरून फवारलेलं तिथे पोचत नाही. पिल्लं दोन अवस्था पानावर काढतात आणि पुढे बहुतेक जातींत कोष मातीत जातो, तिथेही फवारा पोचत नाही. म्हणजे एका फवारणीत सापडतात ते फक्त मधले. घटपर्णीला बुडवायची माझी हिंमत नव्हती, आणि बुडवून अंडी मरली नसतीच. शेवटी स्पिनोसॅड आणलं, मातीतल्या एका जिवाणूपासून मिळणारं कीटकनाशक. आधी एकाच जुन्या पानावर मारून चार दिवस वाट बघितली. हा धडा साबणाने दिला होता. मग घटांच्या तोंडात कापसाचे बोळे घालून, झाड बाहेर सावलीत नेऊन, हातमोजे चढवून, पानांच्या दोन्ही बाजूंना, आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारलं. कुंडीशेजारी निळा चिकट कागद उभा केला. फुलकिड्यांना निळा रंग ओढतो, चिलटांना पिवळा.

चिलटांचं एवढंच सांगते, की ओल्या पीटमध्ये ती होतातच. त्यांच्या अळ्या कुजलेलं आणि बुरशी खातात, मोठ्या झाडाला फारसा त्रास नाही. बी पेरलेल्या कुंडीत मात्र कोवळी मुळं कुरतडू शकतात. माझ्याकडे चिलटांचा बंदोबस्त पिंग्विक्युला करते. तिची पानं बघून मला आठवड्याचा हिशोब लागतो.

घटपर्णी महिना-दीड महिन्याने एक पान काढते, त्यामुळे निकालाला वेळ लागला. पहिलं पान अर्धं रुपेरी, दुसरं देठाशी थोडंसं, तिसरं पूर्ण हिरवं आणि त्याच्या टोकाला अंगठ्याएवढा घट. तिच्या तंतूवर आता पुन्हा मुंग्या आहेत. मी त्यांना काही करत नाही.

परवा सारासेनियाच्या बुडाशी, मॉसवर काहीतरी हललं. पांढरट, बारीक. सवयीने कागद टेकवला, टिचकी मारली, भिंग डोळ्याला लावलं. कागदावर तीन ठिपके होते. पाय शोधले, तिघांनाही होते आणि ते हलतही होते, म्हणजे कात नाही तर जिवंत किडे. नळ्या शोधल्या, नव्हत्या. मी स्पिनोसॅडच्या बाटलीकडे बघत होते, तेवढ्यात एकाने टुणकन उडी मारली आणि तो कागदावरून गायब झाला. स्प्रिंगटेल. ओल्या मॉसमध्ये कुजकं खाऊन राहतात, झाडाच्या वाटेला जात नाहीत. उरलेले दोघे मी कागदावरून परत मॉसवर झटकले.